रिपोर्ट म्हणजे कुंडली नव्हे!

"आक्का, तुम्ही जेवलाच नाहीत की हो!"

"जेवले गं. अर्धी भाकर खाल्ली. लगेच पोट भरल्यावाणी व्हायलंय."

आमच्या घरात हा संवाद तीन-चार महिने तरी रोज रात्री झाला असेल. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय पंचावन्न, गळ्यात तुळशीची माळ, हाताला सतत काम. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवायला बसणारी बाई किती खाते, हे बघायला घरात कोण जागं असतं? छातीत जळजळलं की त्या चिमूटभर खायचा सोडा पाण्यात टाकून पीत. नाहीतर लोह्याच्या मेडिकलातून पित्ताची गोळी यायची. ब्लाऊज ढगळ व्हायला लागले तेव्हा त्यांनी ते दोन्ही बाजूंनी टाचून घेतले. "वय झालं, आता अंग सुकणारच," म्हणाल्या. आम्हीही माना डोलावल्या.

पौषात एक दिवस त्या न्हाणीत चक्कर येऊन पडल्या. नांदेडला नेलं. हिमोग्लोबिन सहा. दुर्बीण घालून पोट पाहिलं, आतले तुकडे काढले, सिटी स्कॅन झाला आणि आठ दिवसांनी रिपोर्ट हातात आला. जठराचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला.

रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ होती. 'हर-टू : टू प्लस, इक्विव्होकल.' घरात इंग्रजी वाचणारा एकच, आक्कांचा कॉलेजात जाणारा धाकटा मुलगा. त्याने ती ओळ मोबाइलवर शोधली, बराच वेळ वाचत बसला आणि ओट्यावरच्या मोठ्या माणसांना दबक्या आवाजात म्हणाला, "अकरा महिने."

त्या एका आकड्यावर त्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते लिहिताना आजही हात अडखळतो. कोणी म्हणालं, हर-टूचं इंजेक्शन महाग असतं, पण वाट बघू नका, दोन एकर वावर काढा आणि सुरू करा. कोणी म्हणालं, अकरा महिन्यांसाठी वावर गेलं तर पोरांनी मागे काय खायचं? आणि जिचं पोट, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. पण भिंतीला कान असतात. आतून आक्कांचा आवाज आला, "माझ्यापायी वावर विकू नका. मला घरीच राहू द्या."

मैत्रिणींनो, आमच्या घराने त्या दिवशी एका कागदाची कुंडली करून टाकली होती. पुढचे कित्येक महिने मी त्या कागदातलं एकेक अक्षर समजून घेत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. कळलं ते इथे लिहिते आहे. न जाणो, उद्या तुमच्याही घरात असा एखादा कागद येईल.

अकरा महिने कोणाचे?

आधी त्या आकड्याचं बघू. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २४ देशांतले ५९४ रुग्ण. सगळ्यांचा जठराचा कॅन्सर पुढे गेलेला आणि सगळ्यांच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन वाढलेलं. निम्म्यांना नुसती केमोथेरपी दिली, निम्म्यांना केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध दिलं. नुसत्या केमोवाल्यांचा आयुष्याचा मधला आकडा निघाला ११.१ महिने आणि औषधवाल्यांचा १३.८ महिने. आमच्या पोराला मोबाइलवर सापडलेले अकरा महिने बहुधा हेच.

पण मधला आकडा म्हणजे काय? समजा, बचत गटातल्या अकरा जणींना उंचीप्रमाणे ओळीने उभं केलं. सहाव्या बाईची उंची हा मधला आकडा. पाच जणी तिच्याहून ठेंगण्या, पाच जणी उंच. म्हणून काही सगळ्या जणी सहावीएवढ्याच होत नाहीत! तसंच या महिन्यांचं. निम्मे रुग्ण त्या आकड्याच्या आधी गेले आणि निम्मे त्याच्या पुढे जगले, काही तर बरेच पुढे. आपलं माणूस त्या रांगेत कुठे उभं आहे, हे तो आकडा सांगत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ते अकरा महिने उपचार घेतलेल्यांचे होते. म्हणजे "अकराच महिने आहेत, मग उपचार कशाला?" हा आमचा हिशेब मुळातच उलटा होता. उपचार न घेणाऱ्याच्या वाट्याला सहसा तेवढेही येत नाहीत.

हळदीचा डाग आणि साबण

आता 'हर-टू' म्हणजे काय ते पाहू. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. पण आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी स्वतःच्या कामासाठी हजारो तऱ्हेची प्रथिनं घडवत असते. कॅन्सरच्या पेशीत यांतलं एखादं वाजवीपेक्षा जास्त होतं, एखादं नाहीसं होतं. त्यावरून डॉक्टरांना खूण पटते. या खुणेच्या प्रथिनांना ते 'मार्कर' म्हणतात.

ती खूण शोधतात कशी? पांढऱ्या लुगड्यावर हळदीचा फिकट डाग पडला तर तो चटकन दिसत नाही. साबण लागला की तेवढीच जागा लालभडक होते. प्रयोगशाळेत साधारण तसंच करतात. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याचा अगदी पातळ काप काचेवर घेतात आणि त्यावर असं द्रव्य सोडतात की जे हव्या त्या प्रथिनालाच जाऊन चिकटतं. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. रंग किती गडद, किती पेशींना चढला, यावर पॅथॉलॉजिस्ट गुण देतात : शून्य, एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक. शून्य आणि एक म्हणजे हर-टू नाही. तीन म्हणजे नक्की आहे. आणि दोन म्हणजे सांगता येत नाही, आणखी एक तपासणी करा! 'इक्विव्होकल' या अवघड शब्दाचा अर्थ एवढाच. आमच्या घरात मात्र तो शब्द मरणाची तारीख होऊन बसला होता.

या पुढच्या तपासणीचं नाव 'फिश'. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा आक्का एवढ्या दुखण्यातही दचकल्या. "मी माळकरी बाई. मासोळीची कसली तपासणी करता?" डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. कितीतरी दिवसांनी त्या घोळक्यात हसू आलं. ही तपासणी पेशीच्या आतली जनुकं मोजते. हर-टू घडवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती झाल्या आहेत का ते त्यात दिसतं. पहिलाच तुकडा पुरत असेल तर पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही.

दारावरची घंटा

हर-टू हे पेशीच्या अंगावरचं प्रथिन. घराच्या दारावरच्या घंटेसारखं समजा. घंटा वाजली की पेशीला निरोप पोचतो : वाढ, दोन हो. चांगल्या पेशीवर अशा घंटा मोजक्या असतात. काही गाठींत त्या इतक्या होतात की निरोप थांबतच नाही. ट्रास्टुझुमॅब त्या घंटेवर हात ठेवल्यासारखं बसतं. पण जिथे घंटाच नाहीत तिथे हात ठेवून उपयोग काय?

जठराच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत हर-टू वाढलेले साधारण पंधरा ते वीस असतात. म्हणजे उरलेल्या ऐंशी जणांना हे औषध दिलं तर पैसा जाईल, हृदयावर परिणाम व्हायचा धोका पत्करावा लागेल आणि पदरात काही पडणार नाही. उलट ज्यांच्यात हर-टू ठळक असतं त्यांना त्याचा चांगला फायदा होतो. २०१० च्या चाचणीत अशा रुग्णांचा मधला आकडा ११.८ वरून १६ महिन्यांवर गेला होता. हे औषध एके काळी सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. २०१४ पासून भारतीय कंपन्यांनी केलेलं तसलंच औषध बाजारात आलं आणि किंमत उतरली. तरी ते स्वस्त नाहीच.

इथे एक भेद मनात पक्का करायला हवा. काही मार्कर दुखण्याचा स्वभाव सांगतात, म्हणजे ते हळू जाणारं की धावणारं. काही मार्कर औषध सांगतात, म्हणजे कोणतं लागू पडेल आणि कोणतं नाही. हर-टू मुख्यतः दुसऱ्या जातीचं. दुखणं पुढे कसं जाईल याचा मोठा अंदाज अजूनही जुन्या गोष्टींवरूनच येतो. गाठ किती खोल गेली, कुठे पसरली, वजन किती उतरलं, माणूस आपल्या पायाने हिंडतं-फिरतं आहे का. एकट्या प्रथिनावरून कोणाचं आयुष्य मोजता येत नाही.

रिपोर्टातली आणखी काही नावं

आजकाल मोठ्या इस्पितळांत हर-टूबरोबर आणखी दोन-तीन खुणा पाहतात.

*एमएमआर* : ही चार प्रथिनांची टोळी. विणताना एखादा टाका सुटला तर आपण मागे जाऊन तो उचलतो ना? पेशी दोन होताना जनुकांची नक्कल करते, तेव्हा सुटलेले टाके उचलायचं काम ही चार प्रथिनं करतात. यातलं एखादं नाहीसं झालं तर चुका साठत जातात. जठराच्या कॅन्सरच्या थोड्याच रुग्णांत हे आढळतं. पण ज्यांच्यात आढळतं त्यांना शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी नवी औषधं, ज्यांना इम्युनोथेरपी म्हणतात, ती पुष्कळ वेळा फार चांगली लागू पडतात.

*पीडी-एल-वन* : रात्री गस्तीवरच्या शिपायाला पास दाखवून चोरानेच निघून जावं, तसला हा प्रकार. हे प्रथिन दाखवून गाठ शरीराच्या पहारेकरी पेशींना गप्प बसवते. प्रतिकारशक्तीला गप्प बसवणारे अशा प्रकारचे लगाम सोडवण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांच्यात या प्रथिनाचे गुण पाच किंवा जास्त होते त्यांना केमोबरोबर निव्होलुमॅब दिल्यावर मधला आकडा ११.१ वरून १४.४ महिने झाला. औषध अतिशय महाग आहे. तेव्हा गुण किती, आणि त्यावरून आपल्याला किती फायदा अपेक्षित आहे, हे विचारूनच निर्णय घ्यावा.

*क्लॉडिन* : जठराच्या अस्तरातल्या पेशींमधल्या फटी बुजवणारं प्रथिन. हर-टू नसलेल्या पण पुढे गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णांत, शंभरातल्या साधारण ३८ जणांत ते ठळक सापडतं. त्याच्यावरचं औषध २०२४ मध्ये जपानात आणि अमेरिकेत मंजूर झालं.

*ई-कॅधेरिन* : हे नाव बायकांनी विशेष लक्षात ठेवावं. हे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं प्रथिन. मोकळ्या शिजलेल्या भगरीसारखं दाणा न् दाणा सुटा झाला, म्हणजे हे प्रथिन हरवलं, की पेशी एकेकट्या जठराच्या भिंतीत पसरतात. गाठ दिसत नाही, भिंतच कडक होत जाते, आणि दुर्बिणीतूनही ती लवकर कळत नाही. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं जठराच्या कॅन्सरने जात होती. या प्रथिनाच्या जनुकातला दोष त्यांच्यात वंशाने उतरत होता, हे १९९८ मध्ये उलगडलं. असा दोष असलेल्या बायकांना एका प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरचाही धोका जास्त असतो. हे क्वचितच घडतं, घाबरायचं कारण नाही. पण माहेरच्या किंवा आईच्या बाजूला दोघा-तिघांना, तेही पन्नाशीच्या आत, असं दुखणं झालं असेल तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावं. लाजेने लपवू नये.

रक्ताच्या पॅकेजातला कॅन्सर

"मग दरवर्षी रक्तातच मार्कर बघून घेतले तर?" हा प्रश्न आमच्या शेजारणीने विचारला. तिने तपासणीच्या पॅकेजची जाहिरात पाहिली होती.

रक्तात मिळणारं सीईए हे प्रथिन १९६५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल इथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधलं. सीए १९-९ आणि सीए ७२-४ ही त्याची पुढची भावंडं. पण निरोगी माणसात जठराचा कॅन्सर हुडकायला यांचा उपयोग होत नाही. दुखणं सुरुवातीचं असतं तेव्हा हे बहुतेक वेळा वाढलेलेच नसतात, आणि नुसती सिगारेट ओढल्यानेही सीईए वाढतं. कावीळ झाली की सीए १९-९ चढतं. काही माणसांच्या शरीरात तर ते जन्मतः तयारच होत नाही. म्हणजे आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही आणि वाईट आला म्हणून रडण्यातही नाही.

याचा खरा उपयोग निदान झाल्यावर. उपचाराआधी आकडा वाढलेला असेल आणि औषधाने उतरत गेला तर गाडी मार्गावर आहे. पुन्हा चढायला लागला तर तपासून पाहा. वजनकाट्यासारखं हे. एका दिवसाचं वजन काही सांगत नाही, महिन्यामहिन्याचं सांगतं.

जठराचा कॅन्सर ओळखायचा तर दुर्बीणच हवी. अपचन महिनाभर हटत नाही, विशेषतः पंचेचाळिशीनंतर नव्याने सुरू झालेलं, थोडक्या घासांत पोट भरतं, वजन उतरतं, गिळताना अडकतं, वारंवार उलटी होते, शौचाला डांबरासारखं काळं होतं, यातलं काहीही असेल तर सोडा आणि गोळ्यांवर दिवस काढू नका. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.) आणि अशक्तपणा! बाईचं रक्त कमी झालं की सगळे पाळीवर बोट ठेवतात. पण आक्कांची पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. मग रक्त जात कुठे होतं, हा प्रश्न आम्हांला आधीच पडायला हवा होता.

सगळ्यांत स्वस्त प्रथिन

महागड्या मार्करांच्या गोष्टी ऐकताना एक साधी तपासणी आमच्या नजरेतून सुटली होती. रक्तातलं अल्ब्युमिन. साध्या प्रयोगशाळेतही होते. ३.५ ते ५ हा त्याचा नेहमीचा पल्ला. आक्कांचं होतं २.८. हे कमी असलेल्या रुग्णाला केमो झेपायला जड जाते, शस्त्रक्रिया झाली तर जखम भरायला वेळ लागतो आणि एकूण दुखण्याचा प्रवास खडतर होतो. पुढे काय होणार याचा अंदाज सांगणारं हेही एक प्रथिनच! नुसत्या खाण्याने ते लगेच चढत नाही, कारण दुखणंही त्याला खाली ओढतं. पण उपाशी राहिल्याने सगळं बिघडतं, हे नक्की.

आणि नेमकं इथेच आपण चुकतो. आक्कांना भेटायला येणारी प्रत्येक बाई एक पथ्य सांगून जायची. दूध बंद करा, डाळ बंद करा, फक्त फळांचा रस द्या. त्यात आक्कांची एकादशी, सोमवार, गुरुवार. आहार सांगणाऱ्या बाईंनी हिशेबच मांडून दिला. कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिन हवं. चाळीस किलोच्या बाईला चाळीस ते साठ ग्रॅम. एक पेला दुधात साधारण सहा-सात ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, एका अंड्यात सहा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही दहा ग्रॅम असतं.

आक्कांना अंडं चालत नव्हतं. मग आम्ही असं केलं. तीन वेळच्या पानाऐवजी सहा वेळा थोडं थोडं. सकाळी दुधात ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील. मधल्या वेळी शेंगदाण्याच्या बारीक कुटाची लाटी. दुपारी मुगाची मऊ खिचडी, वर तुपाची धार आणि घट्ट दही. जेवणाबरोबर पाणी नाही, ते अर्ध्या तासाने. उपवास बंद. त्यासाठी आमच्या गावच्या महाराजांनाच घरी बोलावलं. ते म्हणाले, "आक्का, औषध म्हणून खाल्लेल्या घासाने व्रत मोडत नाही." हा एक सल्ला दहा गोळ्यांच्या तोडीचा ठरला.

ज्यांचं सगळं जठर काढावं लागतं, त्यांना बी-१२ ची इंजेक्शनं जन्मभर घ्यावी लागतात. तेही विसरू नये.

जायचं कुठे?

लोह्यासारख्या गावातून हे सगळं जमायचं कसं? आता पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये उभारलेलं विवेकानंद रुग्णालय आहे, तिथे कॅन्सरवर उपचार होतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आणि परळचं टाटा तर १९४१ पासून सगळ्यांच्या ओळखीचं. राहायची पंचाईत झाली तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने कितीतरी खेड्यांतल्या रुग्णांना आसरा दिला आहे.

बार्शीचं नाव मुद्दाम घेते. १९८७ पासून तिथे ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदणी चालते, देशातली खेड्यांसाठीची ही पहिलीच. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली गावं त्यांनी घेतली. त्यातले परंडा आणि भूम आपल्या मराठवाड्यातले. कोणाला काय झालं, केव्हा कळलं आणि पुढे काय झालं, हे गावोगाव जाऊन लिहून ठेवलं म्हणूनच खेड्यातल्या बायका किती उशिरा येतात ते सगळ्यांना दिसलं. या कामाची पाळंमुळं आपल्याकडे जुनी आहेत आणि त्यात एक बाई अग्रभागी होती. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी टाटातले ख्यातनाम पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि मुंबईत कॅन्सरच्या पेशी काचपात्रात वाढवून अभ्यासायची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आज आपल्या रिपोर्टात जी अक्षरं दिसतात, ती वाचायची विद्या अशा माणसांनी रुजवली आहे.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात. योजनेतल्या इस्पितळात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. आधार आणि शिधापत्रिका घेऊन आधी त्याला भेटा. कोणती तपासणी, कोणतं औषध योजनेत आहे, कोणतं पदरचं, हे त्याच्याकडून कळतं.

आक्कांचं काय झालं

'फिश'चा निकाल आला. हर-टू नाही. घरात सगळ्यांची तोंडं उतरली, महागडं औषध हुकलं म्हणून. डॉक्टर मात्र म्हणाले, "हे बरंच झालं म्हणा. जे लागू पडणार नव्हतं त्यासाठी तुम्ही वावर विकणार होता." मग ते आमच्याकडे पाठ करून आक्कांच्या खाटेजवळ बसले. "बाई, तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हांला किती सांगू?"

आक्कांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "सगळं सांगा डॉक्टर. पोट माझं हाय."

त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, की औषध घेतलं तर मला जेवण जाईल का, हिंडता येईल का. बहुतेक येईल, म्हटल्यावर केमोला तयार झाल्या. ती योजनेत झाली. मधे त्रास झाला, केस गेले, तोंड आलं. पण चौथ्या फेरीनंतर त्या पहिल्यांदा पूर्ण भाकर खाऊन उठल्या. ते बघायला त्या दिवशी आम्ही सगळ्या जाग्या होतो.

अकरावा महिना मार्गशीर्षात उलटला. तेव्हा आक्का माळेगावच्या यात्रेत होत्या. डोईला रुमाल बांधून खंडोबाचं दर्शन घेतलं, नातीला बांगड्या भरल्या, घोड्यांच्या बाजारात लेकाचा हात धरून तासभर हिंडल्या. लेकाने मोबाइलमध्ये तारीख बघितली आणि मुकाट्याने फोन खिशात टाकला.

त्या पुढे आणखी आठ महिने होत्या. त्यात त्यांनी सुनेला काळ्या मसाल्याचं प्रमाण तोंडपाठ करून दिलं, दोन्ही लेकींना त्यांच्या वाट्याचे दागिने आपल्या हाताने दिले आणि वावराच्या कागदांवर काय लिहायचं ते स्वतः सांगितलं. श्रावणात गेल्या. वावर अजून घरातच आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न
(कापून कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवा.)

१. दुर्बिणीतून किती तुकडे घेतले? हर-टू गाठीत सगळीकडे सारखं नसतं, भाकरीवरच्या डागांसारखं कुठे असतं कुठे नसतं. म्हणून सहा ते आठ तुकडे घेणं चांगलं.

२. तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये ठेवला ना? बाटली तुमच्या हाती प्रयोगशाळेत न्यायला दिली तर आत काय आहे ते विचारा. नुसतं पाणी चालत नाही.

३. मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, आणि काचा आम्हांला मिळतील का? मिळाल्यावर उन्हात ठेवू नका. दुसऱ्या इस्पितळात हेच मागतात.

४. हर-टूचे गुण किती? दोन असतील तर 'फिश' केव्हा?

५. ही तपासणी केल्याने उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल तर तिच्यावर पैसे कशाला?

६. अल्ब्युमिन किती आहे, आणि आहार सांगणाऱ्या बाईंना कधी भेटायचं?

आणि सातवा प्रश्न डॉक्टरांना नाही, दुखणेकरणीला विचारायचा. तिला काय कळायला हवं आहे आणि काय करायचं आहे? तो सगळ्यांच्या आधी विचारा.